हजाराव्या नगाची जबाबदारी

मिनिटाला सत्तर ठोके धरले, तर माणसाच्या हृदयातली प्रत्येक झडप वर्षाला सुमारे ३ कोटी ६८ लाख वेळा उघडते आणि मिटते. ती निकामी झाली आणि तिच्या जागी कृत्रिम झडप बसवायची वेळ आली, तर त्या झडपेलाही हेच काम वर्षानुवर्षं करावं लागतं. एकदाही अडकून चालत नाही, झिजून चालत नाही आणि तिच्यावर रक्त गोठलेलंही चालत नाही. लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेल्या असंख्य भारतीय मुलांच्या झडपा पुढे खराब होत आणि परदेशी झडप त्यांच्या घरच्यांच्या आवाक्यात नसे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वल्यथन यांच्या गटाने ही झडप इथेच बनवायचं मनावर घेतलं, ते या मुलांकडे पाहून.

पहिली तीन प्रारूपं बाद झाली. कृत्रिम नीलमण्याची कठीण चकती वापरून पाहिली, तीही टिकली नाही. चौथ्या खेपेला कोबाल्टच्या मिश्रधातूचा सांगाडा, त्यात अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनची चकती आणि टाके घालायला भोवती पॉलिएस्टरची कड अशी रचना झाली. प्लास्टिकची चकती नीलमण्यापेक्षा मऊ होती, पण टिकाऊ ठरली. डिसेंबर १९९० मध्ये ही झडप पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसली. पुढे तिचं उत्पादन हाती घेतलं ते प्रेशर कुकरमुळे घरोघरी नाव पोचलेल्या टीटीके समूहाने, आणि आजवर अशा लाखाहून अधिक झडपा रुग्णांना बसवल्या गेल्या आहेत.

उत्पादनाचं हे वाक्य अशा कथांमध्ये सहसा घाईने उरकलं जातं. विद्यापीठांतून निघणाऱ्या वैद्यकीय तंत्रज्ञानाच्या स्टार्टअपवरच्या या पुस्तकाचा सगळा भर त्याच वाक्यावर आहे. एक चांगली झडप प्रयोगशाळेत बनू शकते. हजारावी झडप पहिलीसारखीच निघेल, तिच्यावरचा क्रमांक पाहून ती कुठल्या दिवशी, धातूच्या कुठल्या खेपेतून बनली ते सांगता येईल, आणि तिच्यात काही बिघडलंच तर शल्यचिकित्सकाने फोन कुणाला करायचा हे ठरलेलं असेल, यासाठी मात्र वेगळी यंत्रणा लागते. विद्यापीठाचं काम शोधनिबंध छापून आल्यावर संपू शकतं. कंपनीचं तिथून सुरू होतं. विद्यापीठातून स्टार्टअप का निघावी याची अनेक उत्तरं दिली जातात: रोजगार, आत्मनिर्भरता, संस्थेला मिळणारी रॉयल्टी. ती सगळी दुय्यम आहेत. रुग्णाच्या शरीराला लागणाऱ्या वस्तूची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर असावी लागते, आणि ती प्राध्यापकाच्या किंवा पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या नावावर राहू शकत नाही, हे खरं कारण.

श्री चित्रा संस्थेच्याच रक्तपिशवीने हे आणखी सोप्या वस्तूतून दाखवून दिलं. काचेच्या बाटलीऐवजी प्लास्टिकच्या पिशवीत रक्त साठवण्याचं तंत्र संस्थेने विकसित केलं, आणि सनदी सेवा सोडून आलेल्या सी. बालगोपाल यांनी त्यावर पेनिन्सुला पॉलिमर्स ही कंपनी उभी केली. जपानच्या तेरुमोशी भागीदारी होऊन तिची तेरुमो पेनपोल झाली. पिशवीत अफाट विज्ञान होतं असं नाही. पण एकही पिशवी गळणार नाही, एकीतही जंतू शिरणार नाहीत, हे रोज हजारो पिशव्यांबाबत साधणं हीच तिथली विद्या होती.

या क्षेत्राचा इतिहास सांगायचा तर बहुतेकजण मिनियापोलिसपासून सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे. ऑक्टोबर १९५७ च्या अखेरीस त्या शहरातली वीज गेली. मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करत. शस्त्रक्रियेनंतर काही मुलांचे ठोके भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या पेसमेकरच्या आधारावर असत. वीज गेली आणि एक मूल दगावलं. लिलेहाय यांनी रुग्णालयाची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकेन यांना विचारलं, याला काही उपाय? बाकेन यांनी १९४९ मध्ये मेहुण्यासोबत एका गॅरेजमध्ये मेडट्रॉनिक नावाची छोटी कंपनी काढली होती. पहिल्या महिन्याची कमाई होती ८ डॉलर. एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकात छापून आलेला मेट्रोनोमचा, म्हणजे संगीताचा ताल धरणाऱ्या यंत्राचा, सर्किटचा आराखडा त्यांना आठवला. तोच वापरून त्यांनी चार आठवड्यांत बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगता येईल असा पेसमेकर बनवला. प्राण्यावर तो चालतो का हे पाहण्यासाठी तो विद्यापीठात दिला. दुसऱ्या दिवशी बाकेन रुग्णालयात गेले तर तो एका मुलीच्या गळ्यात दिसला. डॉक्टरांचं म्हणणं, हातात चांगलं यंत्र असताना आणखी एक मूल का गमवायचं?

आज हे वाचून अंगावर काटा येतो, आणि तो यावाच. तेव्हा हे चालून गेलं, कारण अमेरिकेत उपकरणांवर औषधांसारखं नियंत्रण नव्हतं. १९७६ च्या कायद्याने ते आणलं. त्याआधी सदोष गर्भनिरोधक साधनांनी हजारो स्त्रियांना इजा केली होती. नवउद्योजक नियमांच्या नावाने बोटं मोडतात तेव्हा त्यांना हे सांगायला हवं की त्या जाडजूड फायलीतल्या बहुतेक कलमांमागे कुणाची तरी इजा आहे.

मिनेसोटाच्या गोष्टीत विद्यापीठ, रुग्णालय आणि गॅरेज एका हाकेच्या अंतरावर होते. सगळीकडे तसं नव्हतं. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय अनुनादातून प्रतिमा मिळवण्याची रीत प्रसिद्ध केली. आज आपण जिला एमआरआय म्हणतो तिचा हा एक पाया. लॉटरबर ज्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात होते, त्या विद्यापीठाने पेटंटच्या खर्चाइतकंही उत्पन्न येणार नाही असं ठरवून पेटंट घेतलंच नाही. २००३ मध्ये लॉटरबर आणि नॉटिंगहॅमचे पीटर मॅन्सफिल्ड यांना नोबेल मिळालं. दरम्यान याच तंत्रावर काम करणाऱ्या रेमंड डॅमेडियन यांनी स्वतःचं पेटंट घेऊन फोनार ही कंपनी काढली आणि जनरल इलेक्ट्रिकसारख्या महाकाय कंपनीला कोर्टात खेचून १९९७ मध्ये १२ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल मिळवला. विज्ञानाचं श्रेय एकाकडे, पैसा दुसऱ्याकडे आणि विद्यापीठाच्या हाती काहीच नाही, अशी ही वाटणी झाली.

अशा प्रकारांचा अमेरिकेने जो बोध घेतला तो १९८० च्या बे-डोल कायद्यात उतरला. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची मालकी विद्यापीठाला ठेवता येऊ लागली. विद्यापीठांत तंत्रज्ञान हस्तांतरणाची कार्यालयं फोफावली आणि प्राध्यापकाने कंपनी काढणं चारचौघांत सांगण्यासारखं झालं. भारतात २००८ साली याच धर्तीवर एक विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. त्यावर बरीच टीका झाली आणि त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे इथे प्रत्येक संस्थेचं धोरण वेगळं. एका ठिकाणी प्राध्यापक कंपनीचा संचालक होऊ शकतो, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच गोष्टीच्या परवानगीसाठी फाइल महिनोन्‌महिने फिरते. हे पुस्तक अशा कायद्याची वकिली करत नाही. संस्थेशी करार करण्यापूर्वी तिचं बौद्धिक संपदा धोरण नीट वाचावं, एवढा व्यवहारी सल्ला मात्र ते पुनःपुन्हा देतं.

या विषयात घराणीही आहेत.

पहिलं घराणं प्रयोगशाळेकडून रुग्णाकडे येणारं. आधी नवं विज्ञान, मग त्याचा उपयोग. एमआरआय या घराण्याचं, आणि मेलबर्न विद्यापीठाच्या ग्रेम क्लार्क यांनी १९७८ मध्ये बसवलेलं बहुवाहिनी कर्णरोपणही बऱ्याच अंशी इथलंच. दुसरं घराणं डॉक्टरांचं. रोजच्या कामात जे बोचतं त्यावर डॉक्टर स्वतःच तोड काढतो. टेक्सासच्या सॅन अँटोनियोत हुलिओ पाल्माझ यांनी रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, बनवली. तिच्यासाठी पैसे दिले ते फिल रोमानो या हॉटेलवाल्याने. पुढे जॉन्सन अँड जॉन्सनने परवाना घेतला. जयपूरमध्ये १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यचिकित्सक डॉ. पी. के. सेठी यांनी बनवलेला पाय याच घराण्याचा. तो पाय घालून शेतात चालता येतं आणि उकिडवंही बसता येतं. ही गरज कुठल्याही परदेशी कारखान्याच्या खिजगणतीत नव्हती.

तिसरं घराणं सर्वांत तरुण आणि सध्या सर्वांत बोलबाला असलेलं. पॉल यॉक आणि जॉश मॅकॉवर यांनी २००१ मध्ये स्टॅनफर्डला बायोडिझाइन नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याचं सूत्र असं की उपायाचा विचार करण्याआधी गरज शोधा. अभियंता, डॉक्टर आणि व्यवस्थापनाचा विद्यार्थी अशा छोट्या चमूने काही आठवडे वॉर्डात, शस्त्रक्रियागृहात, बाह्यरुग्ण विभागात नुसतं उभं राहायचं आणि जे दिसेल ते वहीत टिपायचं. दोनेकशे गरजा गोळा होतात. त्यातून गाळत गाळत एकावर यायचं. एम्स आणि आयआयटी दिल्ली यांच्या साथीने हा कार्यक्रम भारतातही आला. तिथल्या चमूंपैकी एकाला अतिदक्षता विभागात एक गोष्ट दिसली, जी शोधनिबंधांत कुणी लिहीत नाही. शुद्धीवर नसलेल्या रुग्णाची शौचाची व्यवस्था. सिस्टर दिवसातून अनेकदा चादर बदलत होत्या, पाठीला जखमा होत होत्या, जंतुसंसर्ग पसरत होता. यातून कन्शुअर मेडिकल ही कंपनी निघाली आणि तिच्या उपकरणाला अमेरिकी नियामकांची मान्यताही मिळाली.

या घराण्याचा दबदबा एवढा वाढला आहे की काही ठिकाणी त्याचं कर्मकांड झालंय. वॉर्डात दोन दिवस फिरायचं, रंगीत चिठ्ठ्या भिंतीला चिकटवायच्या आणि तिसऱ्या दिवशी स्पर्धेत बक्षीस घ्यायचं. शिवाय पद्धतीला मर्यादाही आहेत. कितीही निरीक्षण केलं असतं तरी वॉर्डात उभ्या असलेल्या कुणालाही एमआरआय सुचला नसता. आयआयटी मुंबईत प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत रक्ताच्या कर्करोगावर केलेली कार-टी पेशींची उपचारपद्धतीही खोल प्रयोगशाळेतूनच आली. तिच्यासाठी इम्युनोॲक्ट ही कंपनी स्थापन झाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकांची परवानगी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत तिचं लोकार्पण झालं. काटेकोर बोलायचं तर हे उपकरण नव्हे, औषध आहे. पण रुग्णाच्या पेशी रुग्णालयातून घ्यायच्या, कारखान्यात बदलायच्या आणि त्याच रुग्णाला परत द्यायच्या, या साखळीत औषध आणि तंत्रज्ञान यांची सीमा पुसट होते, म्हणून या पुस्तकात तिला जागा आहे.

स्वस्त उपकरणं हे चौथं घराणं मानणारे लोक आहेत. प्रस्तुत पुस्तकाने ते मानलेलं नाही, आणि त्यामागे विचार आहे. स्वस्त हा हेतू असतो, पद्धत नव्हे. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या एका वर्गात सुरू झालेल्या एम्ब्रेसने मेणासारख्या पदार्थाची उष्णता धरून ठेवणारी बाळाची झोळी बनवली आणि चमू बेंगळुरूला येऊन राहिला. तिची किंमत इनक्युबेटरच्या मानाने नगण्य होती. तरी ती बाळांपर्यंत पोचवायला वर्षं लागली, कारण ती विकत कोण घेणार, रुग्णालय की सरकार की आई, हा प्रश्न किमतीने सुटत नव्हता.

महाराष्ट्राचं चित्र या नकाशावर ठळक आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेलं व्हेंचर सेंटर हे विज्ञानाधारित उद्योगांचं महत्त्वाचं पाळणाघर ठरलं. एकट्या कंपनीला परवडणार नाहीत अशी महागडी तपासणी यंत्रं तिथे वापरायला मिळतात. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी २०१४ मध्ये राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने बेटिक हे केंद्र उभं केलं, त्याच्या शाखा नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीत निघाल्या. ‘उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या’ अभियंत्यांना डॉक्टरांच्या शेजारी बसवणं हे त्याचं काम. तिथून निघालेल्या आयु डिव्हायसेसने नेहमीच्याच स्टेथोस्कोपच्या नळीत बसणारं एक छोटं साधन केलं. ते आवाज मोठा करतं आणि बिनतारी पाठवतं. कोविडच्या काळात पीपीई किट घातलेल्या डॉक्टरला कानात स्टेथोस्कोप घालताच येत नव्हता, तेव्हा त्याचं महत्त्व लोकांना एकदम कळलं.

त्याच काळात पुण्यात नोक्का रोबोटिक्सने व्हेंटिलेटर बनवला. आयआयटी कानपूरमधून शिकून आलेल्या तरुणांची ही कंपनी तोवर सौर पॅनेल पुसणारे रोबो करत होती. कानपूरच्या संस्थेने देशभरातल्या जाणकारांना एकत्र आणलं, टाळेबंदीत सुटे भाग मिळवले. ही कथा श्रीकांत शास्त्री आणि अमिताभ बंद्योपाध्याय यांनी इंग्रजीत पुस्तकरूपाने सांगितली आहे आणि ती वाचनीय आहे. मात्र तिच्यावरून कुणी नियम काढू नये. त्या महिन्यांत सगळी दारं एकदम उघडली होती. एरवी तीच दारं एकेक करून, अर्ज देऊन उघडावी लागतात.

मुंबईच्या बायोसेन्सला हे २०१३ मध्ये कळलं. त्यांच्या यूचेक या ॲपने मोबाइलच्या कॅमेऱ्यातून लघवी तपासण्याच्या पट्टीचा रंग वाचता येत असे. पट्ट्या आधीच मान्यताप्राप्त होत्या, फोन तर प्रत्येकाच्या खिशात. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने पत्र पाठवून विचारलं, याची परवानगी कुठे आहे? पट्ट्या डोळ्यांनी पाहण्यासाठी मान्य झाल्या होत्या. फोनने वाचायच्या तर पट्टी आणि फोन मिळून एक नवं उपकरण होतं. मोबाइल ॲपच्या जगात हे पत्र गाजलं. नियामक कशाला उपकरण म्हणतो, हा प्रश्न कंपनीने पहिल्या दिवशी विचारायचा असतो, हे त्यातून अनेकांनी घेतलं.

भारतात तर हा प्रश्न अलीकडेच धारदार झाला. पूर्वी मोजक्याच उपकरणांवर सरकारचं नियंत्रण होतं, बाकीचं मोकळं रान. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले, १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि जोखमीनुसार अ ते ड असे चार वर्ग ठरले. एप्रिल २०२० पासून झाडून सगळी उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली. २०१७ सालीच सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची २९,६०० रुपये. रुग्णांना तिचा मोठा आधार झाला. नवं उपकरण घेऊन येणाऱ्याला मात्र तेव्हापासून असाही हिशेब करावा लागतो की उद्या आपल्याही किमतीवर मर्यादा आली तर कंपनी तगेल का.

पैशाची पहिली पायरी आता पूर्वीइतकी अवघड नाही. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या बिग योजनेतून ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, त्यात नमुना उभा राहतो. गाडं अडतं ते त्यानंतर. रुग्णांवरची चाचणी, गुणवत्ता व्यवस्थापनाचं आयएसओ १३४८५ प्रमाणपत्र, विद्युत सुरक्षेच्या तपासण्या, साचे, या टप्प्याला अनुदान अपुरं पडतं आणि खासगी गुंतवणूकदाराला तो फार लवकरचा वाटतो. तो ओलांडला तर पुढे सरकारी खरेदीचं टेंडर. तीन वर्षांचा अनुभव हवा, इतकी उलाढाल हवी, आणि वर युरोप-अमेरिकेचं प्रमाणपत्र हवं. स्टार्टअपना सवलती कागदावर आहेत. खरेदी अधिकारी त्या देतोच असं नाही, कारण उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर उत्तर त्याला द्यावं लागतं. त्याला दोष देऊन भागत नाही.

एक सावध इशारा या क्षेत्राच्या कुठल्याही ओळखीत यायलाच हवा. एलिझाबेथ होम्स १९ व्या वर्षी स्टॅनफर्डमधून बाहेर पडल्या, बोटाच्या थेंबभर रक्तात शेकडो तपासण्यांचं आश्वासन दिलं आणि त्यांची थेरानोस ही कंपनी अब्जावधी डॉलरांची झाली. २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने पडदा बाजूला केला, २०२२ मध्ये न्यायालयाने त्यांना फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं. या प्रकरणाची एक बाजू कमी बोलली जाते. कंपनीने आपलं काम समकक्ष तज्ज्ञांच्या परीक्षणासाठी जवळजवळ कधीच ठेवलं नाही. विद्यापीठाची जी सवय उद्योजकांना वेळखाऊ वाटते, तीच इथे रुग्णांच्या कामी आली असती.

असं हे क्षेत्र. मराठीत त्याबद्दल सलग वाचायला मिळेल असं फारच थोडं आहे, आणि जे आहे ते बहुधा पुरस्काराच्या बातमीपाशी थांबतं. जिल्ह्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून नाडी मोजणारं यंत्र करणारी मुलगी, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रोज एकाच उपकरणाला वैतागणारा निवासी डॉक्टर आणि या दोघांची गाठ घालून देऊ शकेल असा एखादा प्राध्यापक, हे तिघं या पुस्तकाचे वाचक आहेत. संस्थापकांची चरित्रं त्यांना इथे मिळणार नाहीत. पुस्तक एकेका उपकरणाच्या मागे चालत जातं, त्याचा आराखडा कुणी काढला इथपासून बंद पडल्यावर ते कुणी दुरुस्त केलं इथपर्यंत. जी उपकरणं बाजारात आली नाहीत, त्यांनाही आलेल्यांइतकीच पानं दिली आहेत. जोखीम व्यवस्थापनाची फाइल कशी लिहायची, नैतिकता समितीपुढे काय ठेवायचं, पेटंटचा अर्ज शोधनिबंधाच्या आधी का जायला हवा, अशा रुक्ष विषयांवर ते न कंटाळता थांबतं.

काही गोष्टी मुद्दाम सोडल्या आहेत. औषधनिर्मितीचा मार्ग वेगळा आणि लांब, त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल. भांडवल उभारणीवर एकच प्रकरण आहे, कारण त्यावरची पुस्तकं रेल्वे स्टेशनवरही मिळतात. नियमांची कलमं जिथे दिली आहेत तिथे ती मूळ अधिसूचनेशी ताडून पाहावीत. ती बदलतात, आणि पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबत नाहीत. डॉक्टर वाचकांनी क्लिनिकल चाचण्यांचा भाग आधी वाचला आणि अभियंत्यांनी वॉर्डातल्या निरीक्षणाचा, तरी हरकत नाही. उलटं केलं तर जास्त उपयोग होईल.